आवाज येतो, शब्द येत नाही



आज माझ्या एका चुकीबद्दल लिहिते आहे. चूक एका मुलाच्या नोंदवहीत निळ्या शाईने लिहिली गेली होती. ती दुरुस्त करताना मला हेडफोनचं थोडं विज्ञान शिकावं लागलं. तुमच्या वर्गात किंवा घरी मुलं हेडफोन लावून अभ्यास करत असतील, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

मी बुटीबोरीला तिसरीचा वर्ग शिकवते. आमच्या गावाची ओळख म्हणजे एमआयडीसी. कंपन्यांमुळे कुठून कुठून कुटुंबं इथे राहायला आली आहेत. त्यामुळे माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी मराठी, काहींच्या घरी छत्तीसगढी, काहींच्या घरी भोजपुरी. गल्लीत खेळताना मात्र सगळी मिळून आपली नागपुरी बोलतात. दिवसभर ट्रकची ये-जा सुरू असते. खिडकी उघडी ठेवली तर मागच्या बाकावर माझा आवाज पोहोचत नाही, बंद केली तर उन्हाळ्यात बसवत नाही.

म्हणून मी श्रवणासाठी एक कोपरा तयार केला. एक टॅब, एका पिनेचे चार फाटे करणारा स्प्लिटर आणि चार हेडफोन. माझ्या आवाजात शब्द रेकॉर्ड केले. मुलं चार-चारच्या गटात येणार, ऐकणार आणि लिहिणार. श्रुतलेखन शांतपणे होईल आणि कोणाचंही लक्ष विचलित होणार नाही, असा माझा विचार होता.

एक मुलगा सारखा चुकू लागला. शाल सांगितलं की साल लिहायचा. सार सांगितलं की फार. साथ आणि साठ दोन्हींच्या जागी सात. दहा शब्दांपैकी चार-पाचच बरोबर यायचे. मी आवाज वाढवून दिला. तरी तेच. शेवटी आवाजाची पट्टी टोकापर्यंत नेली. चुका होत्या तिथेच राहिल्या.

हा मुलगा भोजपुरी बोलणाऱ्या घरातला. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला: यांच्या घरी श आणि स मध्ये फरकच करत नाहीत, मग याला कुठून येणार? वर्णनात्मक नोंदीत लिहिलं, ‘ऐकताना लक्ष देत नाही. श-स उच्चारात अडचण.’ पालक सभेत त्याच्या आईलाही तेच सांगितलं. ती काही बोलली नाही. नुसती मान हलवून गेली.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा चुकला, तेव्हा मी जरा जोरातच विचारलं, “अरे, ऐकू येत नाही का तुला?”

तो म्हणाला, “मॅडम, आवाज तर येऊन राह्यला. शब्द नाही येऊन राह्यला.”

आधी मला हा बहाणा वाटला. मग त्याचा हेडफोन काढून मी स्वतःच्या कानाला लावला. माझाच आवाज होता, पण तोंडावर रजई घेऊन बोलल्यासारखा. भला मोठा, जाडजूड, घुमणारा. शाल की साल, मला स्वतःला ओळखता आलं नाही. आणि हे शब्द तर मीच बोललेले!

तोच टॅब, तेच रेकॉर्डिंग मी माझ्या घरच्या हेडफोनवर ऐकलं, तर सगळं स्वच्छ. म्हणजे रेकॉर्डिंग ठीक होतं. मग मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे माझे ओठ त्याला दिसायला नकोत. मागून साध्या आवाजात तेच दहा शब्द सांगितले. दहापैकी नऊ बरोबर. शालला शाल, सारला सार.

म्हणजे भोजपुरीचा काही दोष नव्हता, मुलाच्या लक्षाचाही नव्हता.

मग दोष कशाचा? हे समजून घ्यायला मी खंजिरीपासून सुरुवात केली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी आपल्या विदर्भात कोणाला दाखवून द्यावी लागत नाही. तिच्यात दोन आवाज असतात. चामड्यावर थाप पडली की ‘धप्’, आणि कडेच्या चकत्या वाजल्या की ‘छन्’. धप् हा खालचा आवाज, म्हणजे हवेची कंपनं सावकाश होतात. छन् हा वरचा, म्हणजे कंपनं फार भराभर होतात. एका सेकंदात जितकी कंपनं, तितके हर्ट्झ. यालाच आपण वारंवारता म्हणतो. माणसाचा निरोगी कान साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढलं की वरची मर्यादा खाली येत जाते.

मी वर्गात एक खंजिरी वाजवून रेकॉर्ड केली. फोनच्या छोट्या स्पीकरवर लावली, तर नुसती छन् छन्. थाप जवळजवळ गायबच. कोपऱ्यातल्या त्या हेडफोनवर लावली, तर धप् धप् इतकं मोठं की छन् शोधावं लागलं. मग खरी खंजिरी वाजवली. मुलं लगेच म्हणाली, “मॅडम, हिच्यात तर दोन्ही आहे!” तबला शिकणाऱ्यांनीही हे अनुभवलं असेल. ‘धा’ मध्ये डग्गा आणि तबला दोन्ही एकदम वाजतात. छोट्या स्पीकरवर डग्ग्याचा खर्ज निघत नाही, आणि मग धा हा ना सारखा ऐकू येतो.

प्रत्येक हेडफोन, प्रत्येक स्पीकर काही वारंवारतांना झुकतं माप देतो आणि काहींना दाबतो. कोणत्या वारंवारतेचा आवाज तो किती जोरात बाहेर काढतो, याच्या आलेखाला वारंवारता प्रतिसाद म्हणतात. इंग्रजीत फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. आपल्या भाषेत सांगायचं, तर काही शिक्षक फक्त पहिल्या बाकावरच्या मुलांना प्रश्न विचारतात. वर्ग पूर्ण भरलेला असतो, पण बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, वर्गात चारच मुलं आहेत. हेडफोनचंही तसंच होतं.

आता हे आपल्या शब्दांशी कसं जोडलं जातं ते बघा. बोलताना स्वरांमध्ये जोर जास्त असतो, आणि तो बराचसा खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असतो. आ, ई, ऊ हे दूरवरूनही ऐकू येतात. व्यंजनं त्या मानाने अशक्त. त्यातही स हा निव्वळ हवेचा घर्षणाचा आवाज. त्याचा जोर बहुतेक ४,००० हर्ट्झच्या वर असतो. श थोडा खाली सुरू होतो, साधारण २,००० ते ३,००० पासून. थ, ठ, ख यांच्यातला ‘ह’चा श्वास तर फारच हळुवार. हेडफोनने वरचा पट्टा दाबला की शाल आणि साल या दोन्हींतून ‘आल’ तेवढं ठळक उरतं. पुढचं मुलाने अंदाजाने भरायचं.

तुम्हाला हा अनुभव नाही असं समजू नका. फोनवर नाव सांगताना आपण म्हणतोच की, “स, सफरचंदातला स.” का म्हणावं लागतं? कारण जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. संभाषण समजायला तेवढा पुरतो, कारण वाक्याचा संदर्भ आपल्याला मदत करतो. सुटा, अनोळखी शब्द आला की आपण अडखळतो. आणि श्रुतलेखनात आपण मुलांना नेमके सुटे शब्दच देतो. ज्या मुलाची घरची भाषा वेगळी, त्याच्याकडे अंदाज करायला शब्दांचा साठाही कमी असतो. म्हणजे एकाच खराब हेडफोनचा सगळ्यात जास्त फटका त्यालाच. हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

ब्लूटूथ वापरणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा. इअरफोनचा माइक सुरू झाला की पुष्कळ साधनं कॉलच्या पद्धतीवर जातात आणि पट्टा एकदम अरुंद होतो. गाणं छान वाजत होतं आणि ऑनलाइन तास सुरू होताच आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, असं २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत झालं असेल. कारण हेच.

आता दुसरा भाग, आवाज वाढवण्याचा. आवाजाची पट्टी वर सरकवली की आतला छोटा अ‍ॅम्प्लिफायर सगळ्याच वारंवारता सारख्या प्रमाणात वाढवतो. स वाढला, पण त्याला झाकणारा ‘आ’ही तेवढाच वाढला. दोघांमधला फरक होता तेवढाच राहिला. उलट खालचा आवाज फार मोठा झाला की आपला कान वरचे हळू आवाज आणखी कमी पकडतो. ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही, तसं. मी पट्टी टोकापर्यंत नेली, तेव्हा मी मदत करते आहे असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी ढोल वाढवत होते.

त्यात आमच्या कोपऱ्यात आणखी एक अडचण निघाली. हेडफोनचा विद्युत रोध ओहममध्ये मोजतात. फोनसाठीच्या हेडफोनमध्ये साधारण १६ किंवा ३२ ओहम असतो. स्प्लिटरने चार हेडफोन जोडले की ते समांतर जोडणीत येतात. ३२ ओहमचे चार म्हणजे एकूण रोध फक्त ८ ओहम. टॅबच्या इवल्याशा अ‍ॅम्प्लिफायरला एवढा प्रवाह पुरवणं जड जातं. आवाज पडतो. शिवाय अशा वेळी काही हेडफोनमध्ये खालचा पट्टा वरच्याच्या तुलनेत फुगतो, कारण त्यांचा रोध सगळ्या वारंवारतांना सारखा नसतो. एका बैलजोडीला चार गाड्या जुंपल्या की गाडी हळू चालते, आणि सरळही चालत नाही.

पडलेला आवाज भरून काढायला आपण पट्टी वाढवतो. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की तो लहरींची टोकं पुरी काढू शकत नाही, ती सपाट कापली जातात. आपण म्हणतो, आवाज फाटला. लग्नाच्या मांडवातल्या भोंग्याचा फाटका आवाज आठवा. मोठा असतो, पण कोणाचं नाव पुकारलं ते कळत नाही.

हे सगळं शोधता शोधता टॅबच्या सेटिंगमध्ये गेले, तर तिथे ‘बास बूस्ट’ सुरू! कोणीतरी गाणी ऐकायला केलेलं असणार. म्हणजे आधीच जाड हेडफोन, त्यावर चार फाट्यांचा भार, त्यावर खालचा आवाज मुद्दाम वाढवलेला, आणि शेवटी माझी टोकाला गेलेली पट्टी. एवढ्या सगळ्यातून त्या पोराने दहातले चार-पाच शब्द बरोबर लिहिले होते.

नवीन हेडफोन आणायला मी नागपूरला, सीताबर्डीला गेले. तिथेही एक धडा मिळाला. दुकानदाराने दोन हेडफोन ऐकवले. दुसरा मला लगेच आवडला. मग लक्षात आलं, दुसऱ्याच्या वेळी आवाज जास्त ठेवला होता. याचंही शास्त्र जुनं आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं की आपला कान सगळ्या वारंवारता सारख्या ऐकत नाही. आवाज हळू असला की खालचे सूर आपल्याला फारच कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते भरल्यासारखे वाटतात. म्हणून जरा मोठा वाजणारा हेडफोन नेहमी भारी वाटतो. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा. मी तसं केल्यावर पहिलाच हेडफोन बोलण्यासाठी चांगला निघाला. तो स्वस्तही होता!

खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. त्याला भुलू नका. तेवढ्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ‘माझ्या वर्गात पहिल्यापासून शेवटच्या बाकापर्यंत मुलं आहेत’ एवढंच ते सांगतं. शेवटच्या बाकावरच्याला बोलायला मिळतं का, ते सांगत नाही. ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेला हेडफोन तर अभ्यासासाठी नकोच.

मग मी काय बदललं? बास बूस्ट बंद केलं. एका वेळी चारऐवजी दोनच मुलं. इक्वलायझरमध्ये खालच्या पट्ट्या किंचित कमी केल्या, आणि २,००० ते ४,००० च्या आसपासच्या व त्यावरच्या थोड्या वाढवल्या. थोड्याच, कारण फार वाढवलं तर स कानात टोचतो. हेडफोनची पट्टी लहान डोक्यांना बसेल अशी ओढून घेतली, कारण हेडफोन कानावर नीट टेकला नाही की खालचा आवाज गळतो आणि मूल पुन्हा पट्टी वाढवतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकूण आवाज आधीपेक्षा कमी ठेवला.

पहिल्याच दिवशी त्या मुलाचे आठ शब्द बरोबर आले. दोन चुकले, त्यातला एक ताट-थाट. तो त्याचा समोरासमोरही चुकला होता. म्हणजे तेवढा सराव खरोखर हवा आहे, आणि तो घेणं माझं काम आहे. आधी मला त्याची ही एक खरी अडचण पाच खोट्या अडचणींच्या ढिगात दिसलीच नव्हती.

पालकांनो, आवाज कमी ठेवण्याचं कारण फक्त स्पष्टपणा नाही. डेसिबलचं गणित वेगळं आहे. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट एवढीच वाटते. म्हणून कधी जास्त झालं ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासोबत २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात मुलांसाठी आठवड्याला ७५ डेसिबल, ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ७८ ला २० तास, ८१ ला १० तास. घरी डेसिबल मोजायचं यंत्र नसतं. साधी खूण अशी: मुलाने हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरून तुम्ही साध्या आवाजात हाक मारली आणि त्याला कळलीच नाही, तर आवाज कमी करा. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला पट्टी वाढवण्यापेक्षा शांत जागा शोधणं चांगलं.

आणि समोरासमोर, शांत खोलीत, पाठमोरं उभं करूनही मूल शब्द चुकत असेल, तर हेडफोनला दोष देऊन थांबू नका. कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यात श्रवणदोषाचीही तपासणी असते. त्यांना त्या मुलाबद्दल आवर्जून सांगा.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गासाठी एक छोटी कृती देते. पाच मिनिटं लागतात.

१. या जोड्या साध्या आवाजात रेकॉर्ड करा: साल-शाल, सार-फार, सात-साथ-साठ, ताट-थाट, ताक-टाक, कार-खार, दार-धार.

२. आधी प्रत्येक हेडफोन स्वतःच्या कानाला लावून ऐका. तुम्हाला स्वतःला अंदाज करावा लागला, तर तो हेडफोन मुलांना देऊ नका.

३. मग मुलांना क्रम बदलून ऐकवा आणि लिहायला सांगा.

४. चुकलेले शब्द त्याच मुलाला पाठमोरं उभं करून समोरासमोर सांगा. दोन्हीकडे चुकलं तरच ती मुलाची अडचण म्हणून लिहा.

ही चौथी पायरी मी गाळली होती.

नोंदवहीतली जुनी ओळ मी खोडली, शेजारी सही केली आणि लिहिलं, ‘लक्षपूर्वक ऐकतो. थ, ठ यांचा सराव आवश्यक.’ त्याची आई शाळेत घ्यायला आली, तेव्हा फाटकाजवळच तिला सांगितलं, “ताई, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं. त्याचा कान आणि त्याचं लक्ष दोन्ही चांगलं आहे. हेडफोन खराब होता.”

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, हम तो उसको घर पे डाँट दिए थे.”

मी म्हटलं, “मीसुद्धा.”

मुलगा तोपर्यंत फाटकाबाहेर पोहोचला होता. त्याला हाक मारावी म्हटलं, तर ट्रक जात होता. थांबले. ट्रक गेल्यावर हळूच हाक मारली. त्याने लगेच वळून बघितलं.